बिननावाचा गंज

आमच्या गावच्या सार्वजनिक भांडारात बेचाळीस मोठी भांडी आहेत. संगणकात मात्र एकेचाळीसच होती. हा एका भांड्याचा फरक माझ्यामुळे पडला. पुढचा घोळही बहुधा माझ्यामुळेच झाला, पण त्याबद्दल गावात निरनिराळी मतं आहेत आणि मलाही पक्कं सांगता येत नाही.

गाव डोणगावपासून सहा किलोमीटरवर. लग्न असो, तेरवी असो, बुद्धजयंतीचं जेवण असो की उरुसाचा भात, स्वयंपाक भांडारातल्या भांड्यांतच होतो. कढया, गंज म्हणजे उभी मोठी पातेली, पराती, पाण्याचे ड्रम. प्रत्येक भांडं कुणीतरी दिलेलं आणि त्यावर देणाऱ्याचं किंवा त्याच्या गेलेल्या माणसाचं नाव कोरलेलं. त्यामुळे आमच्याकडे भांडी आकारानं ओळखत नाहीत, नावानं ओळखतात. "जानराव कुठी हाये?" असं कुणी ओरडून विचारलं की पाहुणे दचकतात, कारण जानरावांना जाऊन अठरा वर्षं झाली. आम्हाला माहीत असतं, सर्वांत मोठ्या कढईची चौकशी चालली आहे.

मी शाळेत ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो त्याच महिन्यात भांडाराचा सचिव झालो. सभेत माझं नाव सुचवलं गेलं आणि मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या. माझं अक्षर बरं आहे, एवढंच कारण असावं.

काम तसं सोपं होतं. लोक यायचे, तारीख सांगायचे, मी वहीत लिहायचो, किल्ली द्यायचो. वहीत न लिहिलेल्या काही गोष्टीही सांभाळाव्या लागत. दोन भावांचं बोलणं बंद असेल, तर एकाच्या घरच्या तेरवीला दुसऱ्याची परात पाठवायची नाही. पाठवावीच लागली, तर आचाऱ्याला हळूच सांगायचं, की कोरलेलं नाव भिंतीकडे करून ठेव. ही माझी कला होती, असं म्हणायचा मोह होतो. पण कदाचित भांडण टाळायची भीतीच असेल.

गेल्या हिवाळ्यात आमचे अध्यक्ष गुलाबराव बुलढाण्याला दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले. आल्या आल्या त्यांनी सभा घेतली.

"आपलं भांडार आता सेवाधारित होनार," ते म्हणाले.

"आता काय धंदा करून राह्यलो का आपन?" मागून कुणीतरी म्हणालं. "सेवाच तर हाये."

"तशी सेवा नाही बे! कॉम्प्युटरवाली सेवा."

कॉम्प्युटरवाली सेवा बांधायला संघर्ष आला. संघर्ष आमच्याच शाळेतला, माझ्या ग्रंथालयातून सर्वाधिक पुस्तकं नेऊन सर्वांत कमी परत करणारा विद्यार्थी. आता तिशीचा आहे, पुण्याच्या कंपनीत अशाच यंत्रणा बांधतो. महिनाभर घरूनच काम करणार होता, म्हणजे गच्चीवरून, कारण त्याच्या घरात नेटवर्क तिथंच मिळतं.

"काका," त्यानं मला समजावलं, "सध्या काय होतं, की भांडाराचा सगळा कारभार एका माणसाच्या डोक्यात आहे. तुमच्या. उद्या समजा तुम्ही…" तो अडखळला.

"मेलो," मी मदत केली.

"गावाला गेलात, असं म्हणणार होतो मी. तर आपण कामाचे तुकडे करायचे. मागणी नोंदवणं ही एक सेवा. भांडं देणं दुसरी. परत घेणं तिसरी. मंजुरी चौथी. एका सेवेनं दुसरीच्या घरात शिरायचं नाही. दाराशी उभं राहून विचारायचं, दाराशीच उत्तर घ्यायचं. आत काय शिजतं याची चौकशी करायची नाही."

"वेगळ्या चुली मांडलेल्या जावांसारखं," मी म्हणालो.

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, की हे वाक्य तो पुण्याच्या बैठकीत वापरणार आहे. मला उगाच आनंद झाला. त्या आनंदातच मी पुढची चूक केली असावी.

त्यानं मला भरायला एक तक्ता दिला. एका ओळीत एक भांडं. नाव, माप, आणि शेवटचे दोन रकाने: 'मालक' आणि 'मालकाचा मोबाईल नंबर'. मी 'मालक' या शब्दापाशी तीन दिवस थांबलो. मालक कोण? भांडार गावाचं, गावाला मोबाईल नाही. माझं नाव लिहावं, असं एकदा मनात आलं. पण एकेचाळीस भांड्यांपुढे एकेचाळीस वेळा 'शंकरराव' लिहिलेलं कुणी पाहिलं, तर? शंकररावानं भांडार गिळलं, असंच लोक म्हणतील. संघर्षला फोन करून विचारता आलं असतं. पण एवढं साधं कसं विचारायचं, म्हणून विचारलं नाही.

शेवटी मी भांड्यांवर कोरलेली नावं लिहिली. जे वारले होते त्यांच्यापुढे 'कै.' लिहिलं आणि नंबर वारसांचे दिले. ते मिळवायला तीन आठवडे लागले. एका परातीचा नातू सुरतेत निघाला. त्याचा नंबर मी चार फोन करून शोधला. इतकं मन लावून मी आयुष्यात क्वचितच काही चुकीचं केलं असेल.

बेचाळिसावं भांडं म्हणजे कोपऱ्यातला मोठा पितळी गंज. त्यावर नाव नव्हतं. मालकाचा रकाना रिकामा ठेवला, तर तक्ता ती ओळ घेतच नव्हता. मग मी ती ओळच काढून टाकली.

या गंजाबद्दल गावाची एक समजूत होती. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी तो भांडारात आला, दात्यानं नाव सांगू नये अशी विनंती केली आहे, एवढंच मी सभेत वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून लोक गुलाबरावांकडे आदरानं पाहू लागले. गुलाबरावांनी 'मी दिला' असं कधीही म्हटलं नाही. कुणी विषय काढला की ते आकाशाकडे बघून म्हणायचे, "जाऊ द्या हो. मोठेपना मिरवाची सवय नाही आपल्याले."

यंत्रणा सुरू झाली त्या दिवशी त्यांनी ठराव पास करून घेतला: इथून पुढे मंजुरीशिवाय भांडाराच्या दाराबाहेर चमचाही जाणार नाही. ठराव मीच लिहिला. अक्षर बरं आलं आहे.

दुसऱ्याच दिवशी मंजुरीच्या सेवेनं मालकांच्या दारांशी जाऊन विचारायला सुरुवात केली. मालकांना मोबाईलवर निरोप गेले: 'आपल्या भांड्याची मागणी आली आहे. मंजूर की नामंजूर?'

तोपर्यंत आपण कशाचे मालक आहोत, हे कुणाला माहीत नव्हतं. आता कळलं. सुरतेच्या नातवानं बावीस वर्षांत गावाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यानं आजोबांच्या परातीचा समोरून आणि मागून फोटो मागवला. एकानं अट घातली, की गंज राखेनंच घासला पाहिजे, पावडर चालणार नाही. एका काकूंनी मंजुरी देण्याआधी जेवणात काय काय आहे ते विचारलं आणि बुंदी नाही म्हटल्यावर दोन दिवस उत्तरच दिलं नाही.

सगळ्यांत सरळ निघाले फकीर मोहम्मद. आमच्या भागातल्या भांड्यांना कल्हई करणारे, त्यांवर नावं कोरणारे तेच. एक ड्रम त्यांनी स्वतः दिलेला. त्यांच्याकडून एका मिनिटात मंजुरी यायची आणि दुसऱ्या मिनिटाला मला फोन.

"शंकरभाऊ, माझा ड्रम पोहोचला का?"

"अजून निघाला नाही."

"निघाला का सांगजा. सुनेला म्हटलं, माझ्या परवानगीशिवाय गावात कोनी पानी पिऊन दाखव म्हना!"

इथपर्यंत गंमतच होती. मग सिंधूताईंची मागणी आली.

सिंधूताई माझ्या शेजारी राहतात. अंगणवाडीत तीस वर्षं काढली. नवरा लवकर गेला, मुलीला एकटीनं वाढवलं. ती सारिका आता मेहकरला नर्स आहे आणि तिचं लग्न येत्या रविवारी होतं. सहाशे माणूस जेवणार. ते दिवस अक्षय्य तृतीयेच्या आगेमागचे, त्यामुळे मेहकर काय, डोणगाव काय, भाड्याची मोठी भांडी कधीच उठून गेली होती. सिंधूताईंना त्याची काळजी नव्हती. गावचा जानराव होता ना.

सोमवारी मागणी गेली. परातींची मंजुरी आली. ड्रमाची तर मी फोन खिशात ठेवायच्या आत आली. मंगळवारी जानरावांच्या कढईचं उत्तर आलं. 'नामंजूर.' खाली कारणाचा रकाना असतो. त्यात एकच शब्द होता: 'वांगे'.

सिंधूताईंनी तो शब्द वाचला आणि माझ्या ओट्यावर मट्‌कन बसल्या.

"सोळा वर्षं झाले, भाऊ," त्या म्हणाल्या. "अजून धरून बसला हा!"

जानरावांचा मुलगा अविनाश. मेहकर रस्त्याला त्याचं खताचं दुकान आहे. सोळा वर्षांपूर्वी त्याच्याच लग्नाच्या पंगतीत, नवरीकडची माणसं जेवत असताना, सिंधूताईंनी पहिला घास तोंडात घेतला आणि अंगणवाडीच्या आवाजात जाहीर केलं, "वांगे कच्चे राह्यले! भाजी परत चुलीवर ठेवा!" भाजी परत चुलीवर ठेवली गेली. वांगी शिजली, पण अविनाश त्या दिवसापासून सिंधूताईंशी बोलला नाही. मधल्या काळात सिंधूताईंच्या घरचे कार्यक्रम त्याच कढईत झाले, नाव भिंतीकडे करून. ते त्याला कळलंच नव्हतं. आता यंत्रणेनं स्वतः जाऊन त्याला विचारलं होतं.

"लहान भांड्यांत नाही का करता येणार?" मी विचारलं.

"चार खेपा लागन. चवथी उतरेपर्यंत पयली पंगत घरी जाऊन झोपन. पोरीच्या सासरचे काय म्हनतीन?"

आम्ही संघर्षच्या गच्चीवर गेलो. त्यानं तक्ता उघडला, वरून खाली पाहिला, पुन्हा खालून वर पाहिला.

"काका, हे 'कै.' कोण?"

"मालक."

"यातले सव्वीस मालक मेलेले आहेत?"

"सत्तावीस," मी म्हणालो. "एक परवाच गेले."

त्यानं डोक्याला हात लावला. "काका, मालक म्हणजे त्या कामाची जबाबदारी ज्याची आहे तो. ज्याच्याकडे किल्ली असते तो. म्हणजे तुम्ही! सगळीकडे तुमचंच नाव पाहिजे होतं."

"लोक काय म्हणतील?"

"यंत्रणेत लोक नसतात, काका."

"मग एकेचाळीस नंबर कुणाचे मागवलेस?"

त्यानं तक्त्यातले नंबर पुन्हा पाहिले. मग म्हणाला, की पाच मिनिटांचं काम आहे, सगळे मालक बदलून तो माझं नाव टाकतो. आणि प्रामाणिक मुलगा असल्यामुळे त्यानं बदल करण्याआधी तशी सूचना सर्व मालकांना पाठवली.

पाच मिनिटांचं काम दोन दिवस चाललं. माझा फोन थंड होईना. "माझ्या बापाचं नाव काढता? मंग परातच उचलून नेतो." "शंकरभाऊ, तुम्हाले आम्ही सज्जन समजत होतो." सुरतेचा नातू म्हणाला, की तो येत्या गाडीनं निघतो आहे. यंत्रणेतली चूक संघर्ष दुरुस्त करू शकत होता, पण मालकी एकदा चाखलेल्या माणसांचं काय करायचं, ते त्याला कंपनीत शिकवलं नव्हतं. त्यानं बदल मागे घेतला.

गुरुवारी दुपारी भांडाराच्या ओसरीवर सभा भरली. माझ्या बाजूला फकीर मोहम्मद बसले होते, समोर सिंधूताई, आणि अविनाश खांबाला टेकून उभा. गुलाबराव मध्ये. सोसायटीच्या निवडणुकीत अविनाश त्यांच्या पॅनेलमध्ये होता, त्यामुळे ते त्याच्याकडे न बघता बोलत होते.

"नियम म्हनजे नियम," ते म्हणाले. "मालकानं नाही म्हटलं, मी काय करू?"

"जानराव नको मले," सिंधूताई म्हणाल्या. "राहू द्या त्याले त्याच्या बापासंगं. तो कोपऱ्यातला बिननावाचा गंज द्या. त्याच्यात होते माही भाजी."

"तो कॉम्प्युटरात नाही," अविनाश म्हणाला. "मंजुरी कोन देनार?"

सिंधूताई गुलाबरावांकडे वळल्या. "आता लपवून काय फायदा, भाऊ? साऱ्या गावाले माहीत हाये, तुम्हीच देला. टाका तुमचं नाव अन् द्या मंजुरी. पोरीचं लगन हाये."

सगळे गुलाबरावांकडे पाहू लागले. त्यांनी सवयीनं आकाशाकडे पाहिलं, पण वर ओसरीचे पत्रे होते. हो म्हणावं तर अविनाश दुखावणार, नाही म्हणावं तर नऊ वर्षांचा मोठेपणा जाणार. शेवटी ते खाकरले.

"असं हाये, ताई, की ज्या कोनी दात्यानं तो गंज देला, त्या दात्यानं तवाच सांगतलं होतं, की वादाच्या जागी ह्या गंजात काही शिजवाचं नाही. दात्याची इच्छा. आपन काय करू शकतो?"

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"दात्यानं असं काही सांगतलं नाही," कुणीतरी म्हणालं.

सगळे माझ्याकडे पाहत होते, म्हणून मला कळलं की ते मीच म्हणालो.

"तुम्हाले काय माहीत?" गुलाबराव म्हणाले.

मी फकीर मोहम्मदांकडे पाहिलं. ते जमिनीवर बोटानं अक्षरं कोरल्यासारखं करत होते. नऊ वर्षांपूर्वी खामगावच्या बाजारातून तो गंज टेम्पोत घालून आणताना माझ्याबरोबर तेच होते. तेव्हा त्यांनी छिन्नी काढून विचारलं होतं, "काय नाव कोरू?" आणि मी म्हणालो होतो, "राहू द्या. लोक काय म्हणतील." आता ते मान वर न करता म्हणाले, "सांगून टाका, भाऊ. माझी छिन्नी गंजून राह्यली."

"गंज मी दिला," मी म्हणालो. "अन्नपूर्णा गेली त्या वर्षी. तिच्या नावानं."

अन्नपूर्णा माझी बायको. नाव अन्नपूर्णा असूनही तिच्या स्वयंपाकात मीठ नेहमी जास्त पडायचं, हे गावातल्या बहुतेकांना माहीत होतं. आमच्याकडे जेवून गेलेली माणसं ओट्यावर थांबून दोन दोन तांबे पाणी प्यायची.

"मग इतके दिवस बोलले काऊन नाही?" अविनाशनं विचारलं.

मी चष्मा काढून पुसू लागलो.

गुलाबराव सावरले. "म्हनूनच तर मी कधी म्हटलं नाही, की मी देला!" ते म्हणाले. ते खरंच होतं, त्यामुळे कुणाला वाद घालता आला नाही.

मागे बसलेल्या संघर्षनं तिथंच मांडीवर संगणक उघडला. बेचाळिसावी ओळ. भांडं: गंज. मालक: शंकरराव. माझा नंबर. सिंधूताईंची मागणी. क्षणभरात माझ्या खिशात फोन वाजला. मी चष्मा लावला, 'मंजूर'वर बोट ठेवलं. पडद्यावर नवा प्रश्न आला: 'आपली खात्री आहे?'

मी थांबलो. सत्तर वर्षांत मला असं थेट कुणी विचारलं नव्हतं. खात्री म्हणजे कशाची? गंज धुतलेला होता का? सहाशे माणसांची भाजी त्यात मावेल का? तळाला लागली तर? मी विचार करत राहिलो.

"दाबा ना, शंकरभाऊ!" सिंधूताई ओरडल्या. अंगणवाडीच्याच आवाजात.

मी दाबलं.

गंज ओसरीवर आणला. चार माणसं लागली. बाहेर उन्हात ठेवला तेव्हा लोक भोवती जमून त्याचा घेर मोजू लागले. "जानरावपेक्षा वीतभर मोठा दिसते," कुणीतरी म्हणालं. अविनाशनं खांब सोडला, जवळ येऊन पाहिलं, मोटारसायकलला किक मारली आणि निघून गेला.

दहा मिनिटांनी सिंधूताईंचा फोन वाजला. जानरावांच्या कढईची मंजुरी. सगळं गाव बिननावाच्या गंजात जेवणार आणि जानराव कुलपात बसणार, हे बहुधा त्याला झेपलं नसावं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'वांगे नीट शिजवजा.'

सिंधूताईंनी ते मोठ्यानं वाचलं. मग डोळे पुसत पुसत त्या इतक्या हसल्या, की फकीर मोहम्मदांना त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं. ते त्यांनी परवानगीशिवाय दिलं.

शुक्रवारी फकीर मोहम्मदांनी गंजावर नाव कोरलं. मी म्हटलं होतं, माझं नको, तिचंच. त्यांनी 'अन्नपूर्णा' एवढंच कोरलं, आणि मी विचारल्यावर हाताची मजुरी म्हणून एक चहा घेतला.

रविवारी बौद्ध पद्धतीनं लग्न लागलं. पांढऱ्या साडीतली सारिका मला ओळखू आली नाही, मी तिला दोनदा नमस्कार केला. वरण जानरावात शिजलं, वांग्याची भाजी अन्नपूर्णात. दोन्ही नावं पंगतीकडे तोंड करून ठेवली होती. पहिल्या पंगतीत अविनाश बसला होता. सिंधूताई स्वतः त्याच्या पुढ्यात भाजी वाढून उभ्या राहिल्या. त्यानं एक फोड बोटानं दाबून पाहिली, खाल्ली आणि मान डोलावली.

"शिजले," तो म्हणाला. "पन मीठ जरासं जास्त हाये."

आचारी शपथेवर सांगत होता, की त्यानं मीठ मोजून घातलं. मी भाजी दोनदा वाढून घेतली आणि नंतर दोन तांबे पाणी प्यायलो.